कोठी एक, ताटें अनेक

मनुष्याच्या प्रपंचांत सांभाळावयास सर्वांत अवघड वस्तु कोणती, असें कोणी आम्हांस विचारलें तर आम्ही सोन्याचें किंवा कांचेचें नांव घेणार नाहीं. ‘सामाईक’ एवढें एकच विशेषण पुढें करूं. जी वस्तु एकाची असते ती नीट राहो वा न राहो, तिचा जाब कोणास विचारावा हें तरी ठाऊक असतें. सामाईक विहीर, सामाईक भिंत, सामाईक अंगण यांची गोष्ट निराळी. दोर कोणीं तोडला, गिलावा कोणीं पाडला, केर कोणीं टाकला, या सर्व प्रश्नांस ‘कोणास ठाऊक’ हें एकच उत्तर ठरलेलें. बारभाईंच्या कारभाराची ही तऱ्हा आपल्या वाडवडिलांस चांगली परिचयाची होती.

तीच तऱ्हा संगणकाच्या पडद्यामागें, जावास्क्रिप्ट भाषेंत लिहिलेल्या वेब-ॲप्लिकेशनच्या पोटांतही नांदत असते, हें ऐकून आमच्या पुष्कळ पालकांस नवल वाटेल. तिचा थोडा विचार या पानांवर करण्याचें आम्हीं योजिलें आहे. विषय वरवर यंत्राचा दिसतो. परंतु आमच्या डोळ्यांदेखत त्यांत एका मुलीची अब्रू गुंतली होती, व म्हणूनच तो आम्हांस केवळ यंत्राचा वाटत नाहीं.

प्रथम दोन शब्दांची ओळख करून घेऊं. जावास्क्रिप्ट ही भाषा ब्रेंडन आइक यांनीं १९९५ सालीं नेटस्केप कंपनींत असतांना निर्माण केली. तिचा पहिला नमुना त्यांनीं अवघ्या दहा दिवसांत उभा केला. आरंभीं तिच्याकडे पृष्ठावरील किरकोळ हालचालींचें काम होतें. पुढें तिच्यावर भार वाढत गेला, आणि आज पत्रव्यवहार, नकाशे, बँकेची देवघेव, इतकेंच काय पण आमच्या शाळेचें हजेरीपत्रकही तिच्याच खांद्यांवर आहे. असें पृष्ठ केवळ छापील कागदाप्रमाणें मुकें नसतें. त्याला स्मरण असतें. आंत कोण आलें आहे, कोणतें पुस्तक निवडलें आहे, कोणती यादी उघडी आहे, या सर्व गोष्टी त्याला क्षणोक्षणीं ध्यानांत ठेवाव्या लागतात. या स्मरणाला कारागीर ‘स्टेट’ म्हणतात. आपण ‘स्थिति’ म्हणूं. तसेंच पृष्ठ हें एकसंध नसून लहान लहान तुकडे जोडून बनलेलें असतें. वरची पट्टी हा एक तुकडा, मधली यादी हा दुसरा, बाजूचें कार्ड हा तिसरा. यांस ‘कंपोनंट’ म्हणजे घटक म्हणतात. एकच गोष्ट जेव्हां अनेक घटकांस ठाऊक असावी लागते, तेव्हां ती सामाईक स्थिति होते, आणि तेथून खरा प्रपंच सुरू होतो.

आमच्या शाळेच्या संगणक-मंडळांतील मुलांनीं ग्रंथालयासाठीं असें एक ॲप्लिकेशन तयार केलें. काम मोठ्या हौसेनें झालें होतें. पुस्तकांची यादी एकानें केली; तींत प्रत्येक पुस्तकापुढें ‘कपाटांत आहे’ किंवा ‘बाहेर आहे’ असें दिसे. विद्यार्थ्याचें कार्ड दुसऱ्यानें केलें; त्यांत त्याच्याकडे असलेलीं पुस्तकें दिसत. वरच्या पट्टींत ‘येणें बाकी’ म्हणून एक आंकडा असे, तो तिसऱ्यानें बसविला. प्रत्येकानें आपल्या घटकापुरती माहिती आपल्याजवळ जपून ठेविली, आणि तिघांचें काम शेजारीं शेजारीं ठेवतांच पडदा भरून गेला. कांहीं महिने सर्व सुरळीत चाललें.

वार्षिक परीक्षेच्या सुमारास येणें बाकी असलेल्यांची नांवें काढण्यांत आलीं. त्यांत ९ वींतील एका मुलीचें नांव होतें. तिनें सांगितलें, “पुस्तक मीं परत केलें आहे.” खिडकीपाशीं बसलेल्या विद्यार्थ्यानें पडदा तिच्याकडे फिरविला व रांगेंतील सर्वांस ऐकूं जाईल अशा स्वरांत विचारलें, “मग काय, पडदा खोटें बोलतो?” या प्रश्नाला त्या वयाच्या मुलीनें काय उत्तर द्यावें? ती निमूटपणें निघून गेली. दुसऱ्या दिवशीं रुमालाच्या गांठींत पुस्तकाची किंमत बांधून ती आमच्यापुढें उभी राहिली. तिचे वडील गवंड्याच्या हाताखालीं काम करितात. त्यांनींच ते पैसे दिले होते व ‘वाद घालूं नको’ असें बजावलें होतें.

ती गांठ सोडूं देण्याचें आमच्यानें होईना. आम्हीं मंडळांतील मुलांस प्रथम कपाट पाहण्यास सांगितलें. पुस्तक आपल्या जागीं उभें होतें. मग त्याच पडद्यावर यादी उघडून पाहिली. तेथेंही ‘कपाटांत आहे’ असेंच लिहिलेलें! म्हणजे पडदा खोटेंही बोलत होता व खरेंही बोलत होता. आपण कोठें पाहतों एवढाच प्रश्न होता.

मंडळांतील एका चतुर मुलीनें कारण हुडकून काढलें. आरंभीं नोंद बदलण्याचीं दारें चार होतीं: पुस्तक देणें, परत घेणें, मुदत वाढविणें, आणि हरवलें म्हणून नोंदणें. माहितीच्या प्रती मात्र तीन: यादींत एक, कार्डांत एक, पट्टींतील आंकड्यांत एक. प्रत्येक दारानें तिन्ही प्रती सुधारल्या पाहिजेत, म्हणजे एकंदर बारा ठिकाणीं सावध राहिलें पाहिजे. तें त्यांनीं कसेंबसें साधलें होतें. मध्यंतरीं पुस्तकावरील पट्ट्यांची खूण यंत्रानें वाचून तें परत घेण्याची सोय झाली; हें पांचवें दार. आतां बाराचीं पंधरा ठिकाणें झालीं. नव्या दारानें यादी सुधारली. कार्ड आणि आंकडा यांस मात्र वार्ताच पोंचली नाहीं. पंधरांपैकीं दोन सांधे निखळले, आणि त्या फटींत एक निरपराध मुलगी सांपडली. ‘दोन्ही घरचा पाहुणा उपाशी’ ही म्हण येथें तंतोतंत लागू पडते. जें सत्य तिघांच्या हवालीं केलें, त्याची काळजी तिघांपैकीं एकानेंही पुरती वाहिली नाहीं.

गणिताच्या शिक्षकास यांतील गुणाकार डोळ्यांआड करतां येत नाहीं. आणखी एक प्रत वाढविली असती तर पंधराचीं वीस ठिकाणें झालीं असतीं. प्रत एकच असती तर दारें पांच आणि ठिकाणेंही पांचच राहिलीं असतीं. तेव्हां दोष कोणा एका विद्यार्थ्याच्या विसराळूपणाचा नव्हे. विसर पडल्यावांचून राहणार नाहीं अशी रचनाच उभी केली होती.

असे घोटाळे शाळकरी मुलांच्याच हातून होतात असें कोणी समजूं नये. फेसबुक कंपनीच्या कारागिरांनीं २०१४ सालीं आपल्या परिषदेंत उघडपणें सांगितलेली हकीकत अगदीं याच जातीची आहे. पडद्याच्या वरच्या अंगास न वाचलेल्या निरोपांचा आंकडा दिसे. मनुष्य उत्सुकतेनें तेथें बोट लावी, आणि आंत पाहावें तों नवा निरोप एकही नसे. कारागीर दोष दुरुस्त करीत. कांहीं दिवस बरे जात. पुन्हां तोच भुताचा आंकडा हजर. न वाचलेल्या निरोपांशीं वरची पट्टी, निरोपांचें पृष्ठ आणि खालची संभाषणाची चौकट अशा अनेक घटकांचा संबंध होता, आणि एकाच्या बदलानें दुसरा, दुसऱ्याच्या बदलानें तिसरा अशी ओढाताण चाले. भोंक बुजवून भागेना, तेव्हां त्यांनीं घराची बांधणीच बदलली. ‘माहितीचा ओघ एकाच दिशेनें वाहिला पाहिजे’ हा त्या नव्या बांधणीचा नियम, आणि ‘फ्लक्स’ हें तिचें नांव. घटक जोडून पृष्ठ बांधण्याचें ‘रिॲक्ट’ हें साधन त्याच कंपनीनें २०१३ सालीं सर्वांस खुलें केलेलें होतें. फ्लक्सची जोड त्याला मिळाली.

एका दिशेनें वाहणें म्हणजे काय, हें ज्यांनीं वसतिगृहांत दिवस काढले आहेत त्यांस समजावून सांगण्यास वेळ लागणार नाहीं. वसतिगृहांत धान्याची कोठी एक असते व तिच्यावर कोठावळा एक असतो. कोणीही मुलगा हातांत माप घेऊन कोठींत शिरत नाहीं. काय पाहिजे तें चिठ्ठीवर लिहून द्यावें लागतें. कोठावळा चिठ्ठी वाचतो, वहींत मांडतो, मगच माप भरतो. तें धान्य स्वयंपाकघरांत जातें व तेथून ताटांत येतें. ताटें सर्वांचीं सारखीं नसतात. आजाऱ्याला पेज, लहानग्याला मऊ भात, खेळून आलेल्याला दोन भाकरी अधिक. पण दाणा सर्वांचा एकाच कोठींतला. आणि ताटांतला भात कोणी परत कोठींत नेऊन ओतीत नाहीं. पुन्हां कांहीं हवें असेल तर पुन्हां चिठ्ठी! वेब-ॲप्लिकेशनच्या भाषेंत कोठी म्हणजे ‘स्टोअर’, चिठ्ठी म्हणजे ‘ॲक्शन’, कोठावळा म्हणजे ‘रिड्यूसर’, आणि ताट म्हणजे पडद्यावर दिसणारा घटक.

ही व्यवस्था अत्यंत नेटक्या स्वरूपांत मांडण्याचें श्रेय डॅन अब्रामोव्ह व अँड्र्यू क्लार्क यांच्या ‘रिडक्स’ या साधनास आहे. तें २०१५ सालीं पुढें आलें; फ्लक्सप्रमाणेंच, इव्हान चॅप्लिकी यांनीं २०१२ सालीं निर्मिलेल्या ‘एल्म’ या भाषेचाही त्यावर प्रभाव आहे. त्याचे नियम तीन. सर्व सामाईक स्थिति एकाच कोठींत असावी. ती कोणीं हातानें बदलूं नये. काय घडलें तें चिठ्ठीवर लिहून द्यावें. आणि कोठावळ्यानें चिठ्ठीप्रमाणें नवी स्थिति काढतांना लहरीस वाव देऊं नये. तीच जुनी स्थिति व तीच चिठ्ठी दिली असतां शंभर वेळां तेंच उत्तर यावें. गणितांत पांचांत तीन मिळविले असतां सोमवारीं आठ व मंगळवारीं नऊ होत नाहींत; कोठावळ्याकडूनही तीच अपेक्षा. या नियमाचें एक फळ फार गोड आहे. चिठ्ठ्या क्रमानें जपून ठेविल्या तर प्रारंभापासून त्या पुन्हां वाचून कोणत्याही क्षणाची स्थिति जशीच्या तशी उभी करतां येते. मागें जातां येतें, पुढें येतां येतें. अब्रामोव्ह यांनीं पॅरिस येथील परिषदेंत त्याच वर्षीं हाच चमत्कार सर्वांस करून दाखविला होता. आमच्या ग्रंथालयांत अशा चिठ्ठ्या असत्या, तर ‘अमुक पुस्तक अमुक दिवशीं परत आलें’ ही एक ओळ त्या मुलीच्या बाजूनें साक्षीला उभी राहिली असती.

मंडळानें सर्व काम पुन्हां आरंभापासून केलें. प्रत्येक देवघेवीची एकच नोंद ठेवावयाची असें ठरलें: पुस्तकाचा क्रमांक, विद्यार्थ्याचा क्रमांक, दिल्याची तारीख, परतीची तारीख. परतीची तारीख कोरी असेल तर पुस्तक बाहेर. भरली असेल तर कपाटांत. कार्ड आणि पट्टींतील आंकडा यांनीं आपली निराळी वही ठेवावयाचीच नाहीं. विचारलें कीं याच नोंदी मोजून उत्तर द्यावयाचें. जें मोजून काढतां येतें तें लिहून ठेवूं नये, हा धडा आम्हांस फार मोलाचा वाटतो. लिहून ठेवलेली बेरीज शिळी होते. मोजलेली बेरीज नेहमीं ताजी असते.

येथें एक गमतीची अडचण आली. मुलांनीं जुन्याच यादीच्या शेवटीं नवी नोंद चिकटविली, आणि पडदा ढिम्म हलेना! नोंद तर आंत गेली होती, मग दिसेना कां? कारण असें कीं रिॲक्ट व रिडक्स प्रत्येक पान उलगडून वाचीत बसत नाहींत. ‘ही तीच वही आहे कीं दुसरी?’ एवढेंच ते पाहतात. वही तीच दिसली कीं आंत कांहीं बदललें नाहीं असें समजून ते स्वस्थ राहतात. म्हणून जुन्या वहींत खाडाखोड न करितां, नवी नोंद धरून नवी वही पुढें करावी लागते. ज्या भागांस धक्का लागला नाहीं ते भाग नव्या वहींतही जुनेच राहतात, त्यामुळें खर्च वाटतो तितका होत नाहीं. खाडाखोड न केलेल्या वहीची किंमत ज्यांनीं हिशेब तपासले आहेत त्यांस निराळी सांगावयास नको.

इतकें ऐकून कोणी म्हणेल, ‘मग सारेंच कोठींत ठेवावें.’ उत्साही मुलांनीं तेंही करून पाहिलें. शोधाच्या चौकटींत अर्धवट लिहिलेलीं अक्षरें, यादी उघडी आहे कीं मिटलेली, असल्या क्षुल्लक गोष्टींसाठींही चिठ्ठ्या निघूं लागल्या. चिमूटभर मिठासाठीं कोठावळ्याकडे अर्ज! स्वतः अब्रामोव्ह यांनींच २०१६ सालीं लेख लिहून बजावलें आहे कीं रिडक्सची गरज प्रत्येकास असतेच असें नाहीं. ज्याची फणी त्यानें आपल्या पेटींत ठेवावी. दोन भावंडांस एक वस्तु लागली तर ती आईजवळ द्यावी; म्हणजे दोन घटकांस लागणारी स्थिति त्यांच्या सर्वांत जवळच्या वडील घटकाकडे सोंपवावी. साऱ्या घरास लागते तीच कोठींत जावी. रिॲक्टमध्यें २०१९ सालापासून घटकालाच आपला छोटा कोठावळा ठेवण्याची सोयही झाली आहे. शिवाय ‘मॉबएक्स’, ‘झुस्टांड’ अशीं दुसरीं साधनेंही आहेत; या दुसऱ्या नांवाचा जर्मन भाषेंतील अर्थच ‘स्थिति’ असा आहे. साधनें निराळीं, रीति निराळ्या. परंतु ‘या गोष्टीचा धनी कोण?’ हा प्रश्न सर्वत्र एकच.

आणि त्या प्रश्नाचें उत्तर पुष्कळदां ‘आपण नव्हे’ असें येतें. ग्रंथालयाच्या नोंदी खरोखर दूरच्या सर्व्हर-यंत्रांत असतात. खिडकीपाशीं जी दिसते ती त्यांची नक्कल. ग्रंथालयांत एक संगणक व शिक्षकांच्या खोलींत दुसरा उघडा असेल, तर एकावर बदल झाला असतां दुसऱ्यावरील नक्कल शिळी होते. ‘टॅनस्टॅक क्वेरी’सारखीं साधनें अशा नकलेचें वय ध्यानांत ठेवतात व वेळोवेळीं मूळ वहीस विचारून ती ताजी करितात. नक्कल ठेवण्यांत पाप नाहीं. नकलेला मूळ समजण्यांत मात्र मोठा धोका आहे.

वसंत ऋतूंत फुललेल्या झाडाचें चित्र चौघांनीं चार बाजूंनीं काढलें तर चार चित्रें निराळीं होतील, पण झाड एकच राहील. आमच्या ख्रिस्ती घरांतील मुलांस हें समजणें सोपें आहे. शुभवर्तमानें चार आहेत. एक वंशावळीपासून आरंभ करितो, एक नदीकांठच्या बाप्तिस्म्यापासून. एकाची दृष्टि गोरगरिबांकडे विशेष वळते, तर एक एकदम अनादि काळाकडे झेप घेतो. चौघांच्या कथनांत असा भेद असूनही आम्हांस त्यांची अडचण वाटत नाहीं, कारण चौघांनीं पाहिलेलें जीवन एकच आहे. पाहण्याच्या रीति अनेक असोत, पाहावयाची वस्तु एक असावी. यंत्राच्या बाबतींतही आम्ही मुलांस हेंच सांगत असतों.

पालकांस यांतून घेण्याजोगें कांहीं आहे काय? आम्हांस वाटतें, आहे. आतां मुलांची फी, हजेरी, गुण, पुस्तकें यांच्या नोंदी पडद्यावर येतात, आणि पडद्यावरील अक्षरास एक प्रकारचा दरारा असतो. गरीब मनुष्य त्या दराऱ्यापुढें स्वतःच्या स्मरणावर संशय घेतो व गांठीचे पैसे सोडूं लागतो. असें करूं नये. पडदा हा एक साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. ‘ही गोष्ट मुळांत कोठें लिहिली आहे, तीच दुसरीकडे काय दिसते, ती केव्हां व कशानें बदलली?’ असें शांतपणें विचारण्याचा अधिकार प्रत्येक पालकास व प्रत्येक बालकास आहे. आणि खिडकीपाशीं जो बसतो, मग तो विद्यार्थी असो कीं साहेब असो, त्यानें समोरच्या मनुष्यास खोटें ठरविण्यापूर्वीं कपाटापर्यंत चालत जाण्याची तसदी घेतली पाहिजे.

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कांहीं जण उद्यां असल्याच ॲप्लिकेशनांवर पोट भरतील. त्यांनीं साधनांचीं नांवें विसरलीं तरी चालेल, तीं दर कांहीं वर्षांनीं पालटणारच आहेत. त्यांनीं एवढें मात्र विसरूं नये: आपण कोठें एक जादा प्रत लिहून ठेवतों तेव्हां ती सांभाळण्याचें वचनही देत असतों, आणि तें वचन मोडलें तर त्याचा भुर्दंड आपणांस नव्हे, तर खिडकीच्या पलीकडे रांगेंत उभ्या असलेल्या, आपण कधीं न पाहिलेल्या कोणा मनुष्यास पडतो. जें सर्वांचें आहे त्याला घर एकच असावें, त्या घरास दार एकच असावें, आणि त्या दारावर बसणाऱ्याची वही स्वच्छ असावी.